तीन किलोची नात

नात जन्माला येण्याआधीच मी तिला फिरवायला लागलो होतो. म्हणजे तीन किलो पिठाची पिशवी बेबी कॅरिअरमध्ये घालून छातीशी बांधायची आणि रोज जिन्याने वर-खाली करायचं. शेजारी फिदीफिदी हसायचे. मुलगा तर वैतागलाच, "बाबा, शोभतं का हे? लोक काय म्हणतील?"

म्हणू देत! आयुष्यभर लोकांना गाडी चालवायला शिकवली मी. शिकाऊ हातात कुणाचा जीव देत नसतात. आणि पिठानेच मला शहाणं केलं. कॅरिअरमध्ये तान्ह्या बाळासाठीची ती छोटी गादी घातली नाही, की पिशवी घसरून तळाशी बसते आणि मधोमध दुमडते. बाळ असं दुमडलं, तर हनुवटी छातीला टेकून त्याचा श्वास कोंडेल.

आज नातीला पहिल्यांदा बाहेर न्यायचं होतं. मुलाने कॅरिअर अडकवलं, "उकडेल तिला," म्हणत गादी सोफ्यावर भिरकावली आणि बाळासाठी हात पुढे केले. मी नातीला उराशी धरून दार अडवलं.

"बाबा, मुलगी माझी आहे!"

"असेल. गादीशिवाय उंबरा ओलांडायचा नाही."

त्याने मदतीसाठी बायकोकडे पाहिलं. सूनबाई स्वयंपाकघरात गेली आणि पिठाची पिशवी आणून तिने त्याच्या हातात दिली.



"आधी हिला फिरवून आण. लोक काय म्हणतील ते म्हणू देत."