मालतीबाईची बाजू

“खरी गुन्हेगार ती मालकीणच आहे,” जस्मीन म्हणाली आणि तिनं रिमोटनं टीव्हीचा आवाज बंद केला.

पडद्यावर नावं सरकत होती. मालिका संपली होती आणि घरमालकीण गोजराबाईंच्या हॉलमध्ये भांडण सुरू झालं होतं. मालिकेत एका आमदाराच्या पोरानं भाड्यानं राहणाऱ्या मुलीला जिन्यावरून ढकललं होतं. ते पाहणारी एकटी घरमालकीण, मालतीबाई. शेवटच्या भागात ती कोर्टात उभी राहिली, पदर सावरला आणि म्हणाली, मी काही पाहिलं नाही. पोरगा सुटला. मालतीबाई घरी येऊन तुळशीला पाणी घालू लागली, आणि तिथंच सगळं संपलं.

जांबे गावातल्या या इमारतीत खोल्या घेऊन राहणाऱ्या मुली दर रविवारी दुपारी मालकिणीच्या टीव्हीसमोर जमत. गोजराबाईंची एकेका पात्राविषयी ठाम मतं असत. इन्स्पेक्टर कधी जेवताना दिसत नाही, म्हणून त्याचं डोकं चालत नाही. वकीलीण खोटारडी, हे तिच्या निऱ्यांवरूनच कळतं. मुली हसायच्या, पण ऐकायच्या. आज मात्र मालतीबाईला कुणी नावं ठेवलेली गोजराबाईंना मुळीच खपत नव्हती.

तिला त्याच गावात राहायचंय, त्या म्हणाल्या. तुम्ही पोरी आज इथं, उद्या बंगळुरात. भावकी काय बॅग भरून जाते का कुठं? जस्मीन पौडच्या बाजारपेठेत वाढलेली, दुकानदाराची मुलगी. ती ऐकून घेणारी नव्हती. मग ती मुलगी कुठं राहत होती, चंद्रावर? असं तिनं विचारलं. बाकीच्या मुली जस्मीनच्या बाजूला गेल्या. गोजराबाई एकट्या पडल्या आणि आणखी जोरात बोलू लागल्या.

स्नेहल भिंतीला टेकून बसली होती. ती कुणाच्याच बाजूनं बोलली नाही. तिच्या डाव्या कानाखाली अजून काळंनिळं होतं.

मंगळवारी सकाळी टँकर आला होता. उन्हाळ्यात जांब्यातले नळ शोभेपुरतेच, इमारती टँकरवर जगतात, आणि या आळीत टँकर एकट्या रोहितचा. पाणी गढूळ आलं म्हणून स्नेहल मोबाइलवर व्हिडिओ काढू लागली. रोहितनं तिच्या कानफटात मारली आणि मोबाइल हिसकावून चाकाखाली टाकला. गोजराबाई वर गॅलरीत मिरच्यांची देठं काढत होत्या. त्यांनी सगळं पाहिलं. आणि त्या पाहताहेत, हे स्नेहलनं पाहिलं. तिनं पोलिसात तक्रार दिली, साक्षीदार म्हणून मालकिणीचं नाव सांगितलं. आज हवालदार जबाब घ्यायला येणार होते.

रोहित म्हणजे गोजराबाईंच्या चुलत दिराचा, वाल्मीकरावांचा मुलगा. नवरा गेल्यावर याच दिरानं या खोल्या उभं राहून बांधून दिल्या होत्या. वाल्मीकरावांनी विचारलं तेव्हा गोजराबाई सांगून मोकळ्या झाल्या होत्या, की मी आत होते, मला काही ठाऊक नाही. स्नेहलशी त्या तेव्हापासून फक्त गॅसच्या सिलिंडरविषयी बोलल्या होत्या. त्यांना लाज वाटत होती. म्हणून तर मालतीबाईसाठी एवढं तोंड चाललं होतं.

भांडण रंगात असतानाच वाल्मीकराव आले. हवालदाराच्या आधी येऊन बसलेलं बरं, असा त्यांचा विचार. पोरींनी पाय आवरून जागा दिली. दारातूनच त्यांनी निम्मं भांडण ऐकलं होतं, आणि घरी तेही ही मालिका चुकवत नसत. चहाचा कप हातात येताच त्यांनी मत दिलं.

“शेवट एक नंबर. बाई असावी तर अशी. शानी, घराला धरून ऱ्हानारी.” त्यांनी गोजराबाईंकडे पाहून मान डोलावली. “आमच्या वयनीवानी.”

स्नेहल उठून रिकामे कप गोळा करू लागली. गोजराबाईंना खरं तर बरं वाटायला हवं होतं. इतका वेळ त्या एकट्याच किल्ला लढवत होत्या, आता जोडीला माणूस मिळाला होता. पण त्यांना एकदम शिसारी आली. दिराची नाही, मालतीबाईची.

हवालदार आले, खुर्चीत बसले, पेन काढलं. नाव-गाव विचारून झाल्यावर त्यांनी मावशी त्या वेळी कुठं होत्या, असं विचारलं. वयनी आत व्हत्या, असं वाल्मीकरावांनी परस्पर सांगूनही टाकलं.

“मी गॅलरीत व्हते,” गोजराबाई म्हणाल्या. “रोहितनं पोरीला मारलं. मोबाइल त्यानंच चाकाखाली टाकला. म्या डोळ्यानं पाह्यलंय. ल्ह्या.”

हवालदारांनी एकवार वाल्मीकरावांकडे पाहिलं आणि लिहू लागले. कप हातात घेऊन स्नेहल स्वयंपाकघराच्या दारात थांबली.

वाल्मीकरावांनी आवाज चढवला नाही. उद्या टँकर आला नाही तर या पोरींना पाणी कुठून पाजणार, एवढंच त्यांनी विचारलं. गोजराबाईंना भीती वाटली. पण त्या म्हणाल्या, लग्न होऊन आले तेव्हा विहिरीवरून डोक्यावर आणत होते, मान अजून शाबूत आहे. हवालदारांनी जबाब वाचून दाखवला. गोजराबाईंनी सही केली.

“वयनी,” वाल्मीकराव म्हणाले, “मघाशी तर तुमी त्या मालतीचीच बाजू घेत व्हता.”

“घेत व्हते, भावजी. तुमाला ती आवडली, तवा कळलं ती कुणाच्या कामाची हाय.”