स्क्रीनवरची लाल रेघ

लॅपटॉपच्या स्क्रीनवर लाल पेनाची रेघ बघून मुलगा भडकलाच. "आई, हा काय कागद आहे?" जन्मभर छापखान्यात प्रूफं तपासलेली आई ओशाळली. स्वतः लिहिलेल्या नव्या ई-बुकमधलं वाक्य खटकलं आणि हात सवयीने चालला होता. "पुरे झालं हे खूळ. खर्चाला मी देतोय ना? आण इकडे तो लॅपटॉप." आईने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. "छापखान्याने पेन्शन दिली नाही, ती मी ई-बुकं विकून मिळवतेय. लॅपटॉपही त्याच पैशांतला. मग तुझ्यापुढे हात का पसरू?" तो वरमला, स्वयंपाकघरातून ओलं फडकं आणून रेघ पुसू लागला. "थांब. चूक सुधारल्याशिवाय खूण पुसायची नसते." रेघेखालचं वाक्य होतं, 'म्हातारी मुकाट्याने उठून गेली.' तिने ते खोडलं आणि एका बोटाने टाइप केलं, 'म्हातारी जागची हलली नाही.' "हं, आता पूस."