पाचशेच्या नोटांसाठी अभय योजना

व्हिटो काकांचा डावा मोजा. टेरेसा आत्याचा शिवणाचा डबा. बाळाचा डायपर, सुदैवाने कोरडा.

या सगळ्यांतून मोनोपॉलीच्या पाचशेच्या नोटा निघाल्या. दर थँक्सगिव्हिंगच्या सणाला टर्कीचं जेवण संपलं की आम्ही खेळायला बसतो आणि हरणारा सगळ्यांची भांडी घासतो. यंदा चुलत बहीण कार्लाने नवा संच आणला. त्यात कागदी नोटा बंद, फक्त कार्ड आणि मशीन.

"आजवर ढापलेल्या जुन्या नोटा आत्ताच द्या, कार्डावर जमा करते. कुणाला काही विचारणार नाही," ती म्हणाली.

मोजल्या तर त्रेपन्न भरल्या.

"अरे, खोक्यात तर वीसच होत्या!" कार्ला ओरडली.

आत्या काकांकडे वळली. "व्हिटो, तू छापल्यास?"

"मी? मला साधी झेरॉक्स काढता येत नाही, ताई!"

आमची आजी, नोना, कडाडली, "सदतीस वर्षं मी या खेळातली बँक सांभाळली, एकदाही नोट कमी पडू दिली नाही. आणि माझ्याच घरात चोर? उठा, सगळ्यांनी मिळून भांडी घासा!"

आम्ही उठून भांडी गोळा केली.



नोना निवृत्त झाली ती छापखान्यातून.