बिनआवाजाचे टायर

आप्पांच्या आलिशान गाडीचे टायर बदलायचे ठरले, तेव्हा त्यांना मागच्या सीटवर निवांत झोप लागावी म्हणून त्यांच्या लेकीनं, सृष्टीनं, सात रस्ता चौकातली चार दुकानं पालथी घातली आणि सगळ्यात कमी आवाजाचे टायर बसवून घेतले. "पोटातलं पाणी हलणार नाही," दुकानदार म्हणाला होता.

टेंभुर्णीला निघाल्यावर मात्र आप्पा दर पाच मिनिटांनी दचकून उठायला लागले.

"बंद पडली का गं?"

"नाही हो आप्पा, ऐंशीनं पळतेय की!"

चाळीस वर्षं एमआयडीसीत टॉवेलचे माग चालवलेला माणूस. शांत झालं म्हणजे काहीतरी बंद पडलं, एवढंच त्यांच्या कानांना ठाऊक.

शेवटी वैतागून सृष्टीनं गाडी कडेला घेतली आणि कारखान्यात फोन लावला. "गोपाळकाका, फोन जरा मागांजवळ ठेवा. आप्पांना झोपवायचंय."

स्पीकरवर खडखडाट सुरू झाला. आप्पांचे डोळे मिटले, मान कलली. सृष्टी गालातल्या गालात हसली आणि तिनं हळूच गाडी सुरू केली.

"सृष्टे," डोळे न उघडताच आप्पा म्हणाले, "त्या गोपाळला इचार, तीन नंबरचा माग का बंद हाय?"