पाच सेकंदांचा नियम

मंचावरून नाव पुकारलं गेलं तेव्हा हातातला चहाचा कागदी कप कुठे ठेवावा हेच सुसाटला सुचेना. शेवटी शेजारच्या मैत्रिणीनं तो काढून घेतला आणि तिला पुढं ढकललं.

तंत्रज्ञानाची भलीमोठी परिषद, गळ्यात ओळखपत्रं अडकवलेले साहेबलोक, आणि त्यांत ही इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षातली पोर. कॉलेजात तिला सुसाट म्हणत ते काही उगाच नाही. वर्षभर ती एका कंपनीसाठी घरबसल्या मोबाइलवर गोदामांचे व्हिडिओ तपासत होती. काड्यापेटीएवढं चित्र, त्यात चेहरे पुसलेली माणसं. नियम सोपा होता. पाच सेकंद हात हलले नाहीत की माणूस रिकामा. इतरांना मिनिट लागे तिथे ही चुटकीसरशी बोट टेकवून मोकळी होई. असल्या निवाड्यांवरूनच कंपनीचं यंत्र शिकत होतं.

आज त्याच यंत्राचं कौतुक चाललं होतं. कंपनीच्या प्रमुख बाईंनी तिच्या कानावर आधीच घातलं होतं की इथून एका विद्यार्थ्याला नोकरी मिळणार. दोन महिन्यांपासून तिचे वडील घरी बसून होते. ही नोकरी लागली तर घर सावरणार होतं.

"आता एक गंमत बघा," बाई सभागृहाला म्हणाल्या. पुढचा व्हिडिओ पाच जणांना दाखवला होता. चौघांनी सांगता येत नाही म्हणून हात वर केले. एकटीनं 'रिकामा' असं ठाम उत्तर दिलं. कंपनीनं तिचंच धरलं आणि यंत्राचं अडलेलं गाडं पुढं सरकलं. तेव्हापासून कितीतरी गोदामांतले कामचुकार त्यानं हुडकून काढले होते. टाळ्या पडल्या. सुसाट लाजली, पण मनातून हरखून गेली.

भिंतीएवढ्या पडद्यावर चित्र सुरू झालं. खोक्यांच्या रांगेत एक माणूस मांडणीला एक हात टेकून उभा होता. दुसरा हात छातीवर. चेहरा पुसलेलाच होता. पण स्वेटरच्या कोपरावर तपकिरी ठिगळ होतं आणि त्याची शिवण एका बाजूनं तिरकी गेली होती. ती शिवण तिच्याच हातची होती.

गोदामाच्या मुकादमानं बाबांना कामावरून काढताना एवढंच सांगितलं होतं, की यंत्रानं तुला रिकाम्यांत टाकलंय. मी कामचुकार नाही गं बाळा, असं ते त्या दिवशी जेवताना दोनदा म्हणाले होते. यंत्रं चुकतात कधीकधी, अशी तिनं त्यांची समजूत घातली होती.

पडद्यावरच्या माणसाभोवती लाल चौकोन उमटला. बाईंनी माईक तिच्यापुढं धरला.

"सांग सगळ्यांना. चौघांना जे दिसलं नाही, ते तुला काय दिसलं?"

बाईंनी हसून माईक आणखी जवळ आणला.

"मी नीट पाहिलंच नव्हतं," ती म्हणाली. "ते माझे बाबा आहेत. त्यांना धाप लागलीय."