चाळीस बाटल्या तेल

चाळीस बाटल्या खपल्या, की खुर्चीची फाटकी गादी बदलता येणार होती आणि बायकोचं तोंड बंद होणार होतं. सलूनवाल्याला एवढंच हवं होतं. केसांचं ते तेल दोन वर्षं आरशाखाली धूळ खात पडलेलं. म्हणून निवृत्त पोस्टमास्तरांच्या डोक्यावर कात्री चालवता चालवता तो सहज बोलून गेला, "मास्तर, बोगद्यातलं यंत्र सुरू झाल्यापासून लोकांचे केस फार गळतायत हो."

गावाच्या पोटातून मैलोन्‌मैल गोल बोगदा गेला होता. त्यात शास्त्रज्ञ कणांवर कण आपटून विश्वाचं मूळ शोधत होते. म्हणजे नक्की काय, हे गावात कुणालाच माहीत नव्हतं. त्यामुळे प्रत्येकजण जाणकार होता. यंत्र पृथ्वी गिळणार, यंत्रामुळे दूध नासतं, यंत्र लागल्यापासून धाकटी जाऊ उलट बोलते. त्यात आता केसांची भर पडली. पुरावा तर घरोघरी कंगव्यातच होता.

आठवड्यात चाळीसच्या चाळीस बाटल्या संपल्या. सलूनवाल्याने आणखी दोनशे मागवल्या. त्या आल्या, आणि दुकानात गिऱ्हाईक यायचं थांबलं.

महिन्याभराने मास्तर रस्त्यात दिसले. केस कानांवर आलेले, तेलाने चपचपीत.

"मास्तर, कटिंगला आला नाहीत?"

"कापतोस काय बाबा! आधीच गळतायत. आहेत तेवढे तरी राहू देत डोक्यावर."

सलूनवाला हात जोडून म्हणाला, "अहो, थाप होती ती माझी! यंत्राने काही होत नाही."

मास्तरांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "किती दिले रे तुला बोगदेवाल्यांनी?"

संध्याकाळपर्यंत गावभर झालं: सलूनवाला फुटला. त्याने दारावर 'यंत्र निर्दोष आहे' अशी पाटी लावली. लोकांना ती कबुलीच वाटली. बोगद्यातल्या एका इंजिनियरला, चांगले खांद्यापर्यंत केस असलेल्याला, त्याने विनवून काचेजवळच्या खुर्चीत आणून बसवलं. लोक म्हणाले, केसांचा टोप आहे.

काळजीने त्याची झोप गेली, जेवण सुटलं. रोज सकाळी उशीवर केसांचा झुबका सापडू लागला.

"तेल तरी चोळा की," बायको म्हणाली. "दोनशे बाटल्या पडल्यात घरात."

त्याने चोळलं. चार महिन्यांत डोकं तळहातासारखं गुळगुळीत झालं.

मग एक दिवस दुकानासमोर गर्दी जमली. सलूनवाल्याने लगबगीने खुर्ची झटकली. पण आत कुणीच आलं नाही. मास्तरांनी आपल्या शंकेखोर जावयाला पुढे केलं आणि काचेतून बोट दाखवलं.

"पाहिलंत जावईबापू? आणि ते तेलही घेऊ नका. त्याचं त्यालाच लागू पडलं नाही."

झुलपं सावरत सगळे पांगले. यंत्रापायी आख्ख्या गावात केस गेले ते एकाच माणसाचे, आणि यंत्र निर्दोष आहे असं सांगणाराही गावात तेवढा एकच होता.