तीन अठ्ठ्या

बूट

"मी पानं बघणारच नाय," खंडेराव म्हणाले आणि दोन चिंचोके मधे टाकले. "ब्लाइंड."

"दर दिवाळीला हेच," विश्राम म्हणाला. "खंड्या, जन्मात कधी बघून खेळलास काय?"

"माझा बाप बघून खेळायचा. म्हणून तर हरायचा."

पाडव्याची दुपार होती. तारापूरच्या वाडीतल्या ओटीवर तिघंच तीन पत्ती खेळत बसली होती. खंडेराव, त्यांची बायको विजया आणि शेजारचा विश्राम. लांब अणुशक्तीच्या कामावर सणाच्या दिवशीही सुरुंग उडत होते. एक उडाला की चटईवरचे चिंचोके हलायचे.

बुटाचा एकेक चिंचोका सगळ्यांनी आधीच मधे टाकला होता आणि पानं विजयानं वाटली होती. वाटताना बांगड्या हातावर घसरत होत्या, आणि ती त्या पुन्हा पुन्हा वर सारत होती. महिनाभराच्या काळजीनं ती वाळली होती. काळजीचं कारण समोर बसून करंजी खात होतं.

सव्वा महिन्यापूर्वी खंडेरावांच्या छातीत दुखलं म्हणून दोघं पालघरला गेली होती. छातीचा फोटो काढायचा होता. मशीनपुढे एकट्यानं उभं राहायची खंडेरावांना भीती वाटली, म्हणून आधी विजयानं उभं राहून आपला फोटो काढून घेतला. "बगा, कायसुदा होत नाय," असं सांगून तिनं त्यांना पुढे ढकललं.

आठ दिवसांनी डॉक्टरांनी तिला एकटीला आत बोलावलं. होळीपर्यंत काही तुमचे यजमान काढणार नाहीत, म्हणाले. त्यांना कळू देऊ नका.

तिनं ते फक्त विश्रामला सांगितलं.

चाल

"आज पैसे नायत," खंडेराव म्हणाले. "आज चिमीचं लग्न लावलंय डावावर. मी जिंकलो तर मार्गशीर्षात. ही जिंकली तर वैशाखात. जे होईल ते, वाणगावला चिठ्ठी आजच जाणार."

चिमी त्यांची एकुलती एक मुलगी. मास्तरणीचं शिकत होती. वाणगावचा मुलगा ठरला होता, तारीख तेवढी ठरत नव्हती.

"चैत्रात परीक्षा हाय तिची," विजया म्हणाली.

"लग्न झाल्यावर पोरी परीक्षेला बसत नायत काय?"

"पण एवढी घाई कसली?"

हे वाक्य ती महिनाभर बोलत होती. वैशाखात हे नसणार, हे तिला ठाऊक होतं. पण हो तरी कसं म्हणावं? कालपर्यंत नाही म्हणणारी आज कशी वळली, असं ते विचारतील. मग तोंडाकडे बघतील. आणि मग त्यांना सगळं कळेल.

तिनं पानं उचलली.

अठ्ठी. अठ्ठी. अठ्ठी.

तिन्ही सारखी, म्हणजे डाव जवळजवळ तिचाच. विश्रामनं आपली पानं बघून लगेच टाकली. खंडेरावांची तीन पानं तशीच पालथी होती. त्यांनी चार चिंचोके सरकवले. पानं बघितलेल्याला दुप्पट टाकावे लागतात. विजयानं आठ टाकले.

"आठ," खंडेराव म्हणाले. पानांना हातही लावला नाही.

"अरे, बग तरी एकदा!" विश्राम ओरडला.

"बगून काय होतं?"

आता तिला सोळा टाकायचे होते. ज्यानं पानं बघितली, त्यानं न बघणाऱ्याकडे शो मागायचा नाही, पानं उघडायला लावायची नाहीत, असा या खेळाचा कायदा. एक तर टाकत राहायचं, नाही तर पानं सोडायची.

विजया नवऱ्याकडे बघत राहिली. मिशीला करंजीचं सारण लागलं होतं. सकाळी नको नको म्हणताना हा माणूस शिडीवर चढून आकाशकंदील लावून आला होता.

तिनं पानं मिटली आणि पालथी ठेवली.

"पॅक."

"वयनी! काय होतं?"

"काय नाय ओ भावजी. दुर्री-तिर्री." ती हसली. "घ्या तुमचा मार्गशीर्ष."

खंडेरावांनी चिंचोके ओढून घेतले. मोजले नाहीत. मूठ मिटून बसून राहिले.

"औषध आणते," म्हणत विजया उठली. खांबाला धरून जरा थांबली.

"आण. पण आधी तू घे चमचाभर, मग मी. एकट्याला कडू उतरत नाय."

"लहान पोराच्या वर झालेत अगदी," ती विश्रामला म्हणाली आणि आत गेली. आत तिला खोकला लागला. चुलीचा धूर असावा.

शो

विश्रामनं खंडेरावांची पानं उलटली. दुर्री, पंजी, गुलाम. मग त्यानं विजयाची उलटली.

"तीन अठ्ठ्या," खंडेराव म्हणाले. पानांकडे न बघताच म्हणाले, "तिची मान ताठ झाली की भारी पान असतं. वीस वर्षं बगतोय."

"मग चढवत कशाला गेलास?"

"ती सोडणार हे ठाऊक होतं म्हणून."

विश्राम खाली बघत राहिला. "खंड्या, तुला एक..."

"डॉक्टरनं तिला काय सांगितलं तेच ना? खोटं हाय ते. मी पाया पडलो त्याच्या, तेवा तो तिच्याशी खोटं बोलायला तयार झाला. मला काय झालेलं नाय, विश्राम. दगड हाय मी दगड."

विश्रामनं त्यांच्या पाठीत धपाटा घातला. डोळे पुसत हसला. "मेल्या! बाईला महिनाभर जाळलीस! लग्न लवकर उरकायला एवढं नाटक?" मग हसता हसता तो थांबला. "पण एवढी घाई कसली?"

"मी घेतलं ओ चमचाभर!" आतून विजयाची हाक आली. "आता तुमचं आणते."

खंडेराव उठले. तसबिरीमागून त्यांनी मोठं पाकीट काढलं आणि त्यातला काळा फोटो उन्हात धरला. डाव्या बाजूला मुठीएवढा पांढरा डाग होता, आणि खाली कोपऱ्यात पांढऱ्या शाईनं लिहिलं होतं: सौ. विजया खंडेराव, वय ४१.